दापोडीच्या बागेतील डॉक्टर

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली, की घराघरांत एक जुनी देवघेव सुरू होते. शेजारच्या कुंपणावरची जास्वंदीची फांदी, माहेरच्या परसातील मोगऱ्याची काडी, देवळाच्या आवारातील चाफ्याचा फाटा मागून आणला जातो आणि अंगणाच्या कडेला किंवा कुंडीत खोचला जातो. बुलडाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात असलेल्या उंद्रीसारख्या गावात हे जसे घडते, तसेच ते पुण्या-मुंबईच्या सदनिकांच्या सज्जांतही घडते. या व्यवहारात पैसा नसतो, पावती नसते आणि झाड मुळात कोठले हे कोणी विचारत नाही. विचारले तर उत्तर बरेच लांबचे निघते. देवळातला चाफा मध्य अमेरिकेकडचा, कुंपणावरची ड्युरांटा अमेरिका खंडातली, माळरानावर पसरून शेतकऱ्यांना हैराण करणारी टणटणीही तिकडचीच. समुद्र ओलांडून आलेल्या अशा झाडांना या मातीत मूळ धरायला लावणाऱ्या ज्या मोजक्या जागा होत्या, त्यांपैकी पश्चिम भारतातील एक महत्त्वाची जागा म्हणजे पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग. या बागेचे नाव ज्या माणसाशी कायमचे जोडले गेले, ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

दापोडी आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. लोकल गाडीतून जाणाऱ्या प्रवाशाला तेथे कारखाने, कार्यशाळा आणि दाट वस्ती दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पवना जेथे मुळेला मिळते त्या काठावर, कॅप्टन फोर्ड यांचा प्रशस्त बंगला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या नोकरीत असलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायत शिकलेल्या पलटणीचे हे फोर्ड प्रमुख. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा हीच पलटण दापोडीहून निघून पेशव्यांच्याच विरुद्ध उभी राहिली. पेशवाई बुडाली. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बंगला सरकारसाठी घेतला आणि १८२८ मध्ये त्याच्या आवारात वनस्पती उद्यान सुरू केले. पावसाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम येथे असे. प्रारंभी डॉ. विल्यमसन आणि त्यांच्यानंतर डॉ. चार्ल्स लश यांनी बागेचा कारभार पाहिला. १८३८ मध्ये तो गिब्सन यांच्याकडे आला.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील किंकार्डिनशायर परगण्यात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी एडिंबरो येथे घेतले. त्या काळी डॉक्टर होणाऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे, कारण दवाखान्यातील बहुतेक औषधे मुळे, साली, पाने आणि बिया यांचीच असत. वनस्पती ओळखता न येणारा डॉक्टर म्हणजे औषध ओळखता न येणारा डॉक्टर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आलेल्या कितीतरी शल्यचिकित्सकांनी हिंदुस्थानात वनस्पतींचा अभ्यास केला त्याचे मूळ या शिक्षणात होते. कलकत्त्याजवळील शिबपूरची बाग १७८७ मध्ये रॉबर्ट किड या लष्करी अधिकाऱ्याने सुरू केली खरी, पण पुढे तिची आणि सहारणपूरच्या बागेची धुरा अशाच डॉक्टरांनी वाहिली. गिब्सन हे त्याच परंपरेतले. १८२५च्या सुमारास सहायक शल्यचिकित्सक म्हणून ते मुंबई इलाख्यात दाखल झाले आणि मराठी, गुजराती व हिंदुस्तानी या भाषा शिकले. त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता हे भाषाज्ञान त्यांच्या वैद्यकीय पदवीइतकेच उपयोगी पडले असले पाहिजे.

बागेवर येण्यापूर्वी दख्खन आणि खानदेश या प्रदेशांत देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या खानदेशाला लागूनच आजच्या बुलडाणा जिल्ह्याचा मलकापूरकडील भाग आहे. परंतु त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते आणि मुंबई सरकारच्या डॉक्टरांची हद्द तेथे संपत होती. लस टोचण्याचे तेव्हाचे काम आजच्यासारखे नव्हते. लस बाटलीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, आठवडाभराने त्याच्याकडून तिसऱ्याला, अशी साखळी गावोगाव चालू ठेवावी लागे. साखळी तुटली की लस संपली. उन्हाळ्यात ती वरचेवर तुटे. लोकांना समजावणे, आयांची भीती घालवणे आणि पुढच्या गावी वेळेत पोचणे ही कामे मराठी बोलता आल्याशिवाय होणे कठीण होते. जिवंत वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी न मरता पोचवणे हाच या नोकरीचा गाभा होता. बागेतही गिब्सन यांना वेगळ्या रीतीने तेच करायचे होते.

सरकारी वनस्पती उद्यान म्हणजे फुलांचे ताटवे आणि गव्हर्नरसाहेबांच्या फिरण्याची जागा, अशी आजच्या वाचकाची समजूत होण्याचा संभव आहे. दापोडीची बाग तशीही होती. १८४८ ते १८५३ या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड फॉकलंड यांच्या पत्नीने आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिचे प्रेमाने वर्णन केले आहे. परंतु कंपनी सरकार फुलांवर पैसा खर्च करणारे नव्हते. उपयोगी झाडे बाहेरून आणावीत, ती येथे जगतात का ते पाहावे, जगली तर त्यांची रोपे वाढवून जिल्ह्याजिल्ह्यांत वाटावीत आणि त्यातून पुढे महसूल वाढावा, हा खरा हेतू होता. जुन्नरच्या बाजूला हिवरे येथे दुसरी बाग होती आणि तीही गिब्सन यांच्याकडेच होती. घाटाजवळची, पाणी आणि थंडी दोन्ही मिळणारी ती जागा औषधी वनस्पतींना मानवली. खुरासानी ओव्यासारख्या विलायती औषधी वनस्पती तेथे पिकवून, त्यांचे अर्क आणि पाला लष्करी व सरकारी दवाखान्यांकडे जात असे. एरवी इंग्लंडहून मागवावी लागणारी औषधे या निमित्ताने सह्याद्रीच्या पायथ्याशी तयार होऊ लागली. डॉक्टर बागेचा प्रमुख असण्याचा हा रोकडा फायदा होता.

आता प्रश्न असा, की परदेशातून आलेल्या एका झाडाची हजार झाडे करायची कशी? बी हा सोपा मार्ग. पण तो दर वेळी उपलब्ध नसतो. दूर देशातून आलेल्या झुडपाला येथे फूल येते पण बी धरत नाही, असे वरचेवर घडते, कारण त्याचे परागण करणारा कीटक मागेच राहिलेला असतो. बी धरले तरी त्यातून येणारे झाड आईबापांसारखेच निघेल याची खात्री नसते. गोड डाळिंबाच्या बियांतून आंबट डाळिंब उगवू शकते, दुहेरी पाकळ्यांच्या फुलाच्या बियांतून इकेरी. फांदी लावली तर ही शंका उरत नाही. ते नवे झाड नसतेच. तेच जुने झाड दुसऱ्या जागी उभे असते.

फांदीला मुळे कशी फुटतात, याचे शास्त्रीय उत्तर गिब्सन यांच्या काळात कोणालाही ठाऊक नव्हते. वनस्पतीच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारे वाढीचे संजीवक खाली उतरते आणि कापलेल्या टोकाशी साठते, तेथील पेशी पुन्हा विभागू लागतात आणि त्यांतून मुळे निघतात, हे १९३०च्या दशकात उलगडले. इंडॉल ब्युटिरिक आम्लाने मुळे लवकर फुटतात हे त्याच दशकात दिसून आले आणि आज कृषी सेवा केंद्रात मिळणारी मुळे फुटण्याची पावडर त्या शोधावरच उभी आहे. त्यापूर्वीच्या माळ्यांकडे होते ते केवळ निरीक्षण. पण ते फार बारीक होते.

कोणती फांदी घ्यायची येथून हे निरीक्षण सुरू होते. अगदी कोवळी फांदी कुजते, अगदी जून फांदीला मुळे फुटायला वेळ लागतो. डाळिंब, अंजीर, द्राक्ष यांची काडी पेन्सिलीएवढी जाड, पिकलेली हवी. हिवाळ्याच्या शेवटी झाड विश्रांतीत असताना किंवा छाटणीच्या वेळी ती घेणे चांगले. जास्वंद, मोगरा, ॲकॅलिफा यांची अर्धवट निबर झालेली काडी पावसाळ्यात लावावी. वीतभर लांबी पुरते आणि तीन-चार डोळे असले म्हणजे झाले. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यायचा, कारण मुळे बहुधा पेराजवळून निघतात. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर आणि तिरपा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. वरचे-खालचे टोक ओळखण्यासाठीही तिरप्या आणि सरळ कापाचा उपयोग होतो. उलटी लावलेली काडी क्वचितच जगते आणि नवशिक्याच्या हातून हीच चूक पुष्कळदा होते. चाफ्याचा फाटा मात्र कापल्याबरोबर लावायचा नाही. चीक वाळून जखम सुकेपर्यंत तो काही दिवस सावलीत पडू द्यायचा, नाहीतर तो आतून सडतो.

पाने ठेवावीत की काढावीत, हा त्यातला अवघड भाग. पान अन्न तयार करते, पण पाणीही उडवते आणि मुळे नसलेल्या काडीला पाणी वर ओढता येत नाही. म्हणून खालची पाने काढायची, वरची एक-दोन ठेवायची, ती मोठी असतील तर निम्मी कापायची आणि काडी सावलीत, दमट हवेत ठेवायची. माती भुसभुशीत हवी. चिकण काळ्या मातीत पाणी साचून बुडखा कुजतो, त्यामुळे नदीची वाळू मिसळावी लागते. मुळा-पवनेच्या काठावरील बागेला वाळूची वाण नव्हती. दापोडीच्या हवेतही एक सोय होती: जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आभाळ झाकलेले, पाऊस मुंबईसारखा कोसळणारा नाही तर झिमझिम, हवेत सतत ओल. काड्या लावण्यासाठी याहून चांगला काळ आणि जागा दख्खनमध्ये सापडणे कठीण.

हे कौशल्य इंग्रजांनी येथे आणले असे मानणे चुकीचे ठरेल. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे आणि डाळिंब, द्राक्षे, केळ, महाळुंग यांसारख्या झाडांच्या फांद्यांना शेण लावून त्या रोवाव्यात, असे त्यात सांगितले आहे. महाराष्ट्रातील पानमळे तर सर्वस्वी याच विद्येवर चालत आले. नागवेलीला येथे बी धरत नाही. जुन्या वेलाचे तुकडे लावूनच नवा मळा उभा राहतो आणि त्याला आधार देणारा पांगाराही खुंट रोवूनच वाढवतात. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या परिसरातील पानमळे आणि ते कसणारा बारी समाज वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचा आहे. उसाचे बेणे म्हणजे टिपऱ्याच. शेवगा, मेंदी, निर्गुडी, अडुळसा यांची कुंपणे काड्यांचीच. दापोडीच्या बागेत काम करणारे माळी ही विद्या घरून घेऊन आले होते. गिब्सन यांनी त्यांना नवी झाडे दिली. त्या झाडांच्या काड्या जगवल्या ते हात या माळ्यांचे होते. त्यांची नावे गिब्सन यांच्या चरित्रात येत नाहीत.

आणखी एक अडचण होती, ती समुद्राची. गलबतावरून महिनोन्‌महिने प्रवास करणारी झाडे खाऱ्या वाऱ्याने, गोड्या पाण्याच्या टंचाईने आणि उन्हाने बहुधा वाटेतच मरत. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीतील ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप वाढताना दिसले. आतील ओल वाफ होऊन काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी काचेच्या घट्ट पेट्या तयार केल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या सिडनीला रवाना झाल्या आणि झाडे जिवंत पोचली. गिब्सन यांनी दापोडीचा कारभार हाती घेतला तेव्हा ही युक्ती नवी होती. त्यांच्या सेवाकाळात तिने वनस्पतींच्या जगाचा नकाशाच बदलला. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. ज्या वर्षांत गिब्सन दापोडीला होते त्या वर्षांत दक्षिण आणि मध्य अमेरिका, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथील झाडे या बागेत उभी राहिली.

सगळेच प्रयोग जमले असे नाही. त्या सुमारास सरकारने दख्खनमध्ये रेशमाचा उद्योग उभारण्याचा ध्यास घेतला होता. तुतीची काडी लावणे सोपे. ती पावसाळ्यात कोठेही जगते. ज्युसेप्पे मुट्टी या इटालियन गृहस्थाने पुण्याजवळ तुतीची लागवड केली, सरकारने त्याला सवलती दिल्या, तुती वाढली आणि धंदा मात्र काही वर्षांतच बसला. झाड जगले म्हणजे पीक जमले असे होत नाही, हा धडा अनेक सरकारी योजनांनी त्यानंतरही घेतलेला दिसत नाही. मॉरिशसहून आलेल्या जाड, रसदार उसाची गोष्ट वेगळी. त्याचे बेणे दख्खनच्या बागाइतीत गेले आणि शेतकऱ्यांनी ते स्वीकारले, कारण त्यांना ऊस लावायचे आणि गूळ करायचे तंत्र आधीच माहीत होते.

गिब्सन यांचे आयुष्य येथेच संपते, तर एका कर्तबगार उद्यानप्रमुखाची नोंद एवढेच त्याचे महत्त्व राहिले असते. पण लस टोचण्यासाठी आणि पुढे झाडे गोळा करण्यासाठी त्यांनी घाटमाथा आणि कोकण अनेक वर्षे पाहिले होते. त्या फिरण्यात त्यांना एक बदल दिसत गेला. इंग्रजी अंमल बसल्यापासून कोकणातील आणि घाटाच्या उतारावरील जंगल झपाट्याने तुटत होते. मुंबईच्या गोदीत जहाजांसाठी साग लागे, वाढत्या शहराला जळण लागे, व्यापाऱ्यांना तोडीचे मक्ते मिळत आणि लागवडीखाली नवी जमीन आली की सारा वाढे म्हणून महसूल खातेही तोडीकडे कौतुकाने पाही. झाडी गेलेल्या डोंगरांखालच्या गावांत ओढे लवकर आटू लागल्याचे, उतारावरील माती धुपून खाली येत असल्याचे गिब्सन यांनी सरकारला कळवले. जंगल आणि पाणी यांचा संबंध त्यांनी १८४०च्या दशकात सरकारी कागदावर मांडला, तेव्हा युरोपातही हा विषय वादाचा होता.

कुंडीतील काडी आणि डोंगरावरील जंगल यांतील फरक त्यांच्याइतका स्पष्टपणे कोणाला दिसला असेल? बागेत एका झाडाची शंभर झाडे एका पावसाळ्यात होतात. जंगलातील ऐन, किंजळ, हिरडा, साग यांचा गुंता असा वाढवता येत नाही. सागाच्या तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात हे खरे. पण त्यांना वाढू द्यायला तीस-चाळीस वर्षे गुरे, विस्तव आणि कुऱ्हाड यांपासून सांभाळावे लागते. रोपवाटिका उघडून हा प्रश्न सुटणार नव्हता. तोड थांबवणारा माणूस नेमणे हा एकच उपाय होता आणि १८४७ मध्ये मुंबई सरकारने गिब्सन यांनाच वनसंरक्षक नेमले. मद्रास इलाख्यात ह्यू क्लेगहॉर्न यांची अशी नेमणूक १८५६ मध्ये झाली, डीट्रिख ब्रँडिस संपूर्ण हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले १८६४ मध्ये. हे पाहिले म्हणजे मुंबईतील हे पाऊल किती आधीचे होते ते कळते.

पद मोठे होते, अधिकार आणि माणसे तुटपुंजी. कोणती झाडे राखीव समजावीत, कोणाला किती लाकूड द्यावे, कोणत्या डोंगरावर तोड बंद करावी, यावरून महसुली अधिकाऱ्यांशी ओढाताण होत राहिली. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे धावली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची नवी भूक जंगलाला लागली. ज्या सरकारला ओढ्यांची काळजी म्हणून वनसंरक्षक हवा होता, त्याच सरकारला गोदीसाठी सागाचा भरवशाचा पुरवठाही हवा होता. दोन्ही कामे एकाच माणसाकडे होती.

या धोरणाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय गिब्सन यांचे मूल्यमापन पुरे होणार नाही. जंगल राखायचे म्हणजे कोणाला तरी त्यातून दूर करायचे आणि ते व्यापारी क्वचितच असत. सह्याद्रीच्या उतारावर कुमरी किंवा दळी लावून नाचणी-वरी पिकवणारे डोंगरी लोक वनसंरक्षकांच्या नजरेत जंगलाचे शत्रू ठरले. डोंगराचा एक तुकडा जाळून पेरायचा, दोन-तीन वर्षांनी तो सोडून द्यायचा आणि झाडी पुन्हा वाढली की परत यायचे, ही त्यांची रीत होती. परत येण्याची वर्षे पुरेशी मिळाली तर जंगल भरून येई, हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी फारसे लक्षात घेतले नाही. गिब्सन यांच्यानंतर १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले आणि बंधने कडक झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात, डोंगर आणि गायराने जंगल खात्याने घशात घातल्यामुळे शेतकऱ्यांची गुरे उपाशी मरू लागल्याची तक्रार जळजळीत शब्दांत केली आहे. ओढे वाचवण्याच्या विचाराने सुरू झालेले खाते चार दशकांत कुणब्याच्या दारात शिपाई उभा करणारे खाते झाले होते. त्याचा सगळा दोष पहिल्या वनसंरक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. पण कुमरीवाल्यांबद्दलची त्यांची दृष्टी पुढच्यांनी जशीच्या तशी उचलली, हेही खरे आहे.

वनखात्याच्या धावपळीतही दापोडीशी गिब्सन यांचा संबंध तुटला नाही. १८४७ ते १८५० या वर्षांत त्यांनी बागेतील झाडांची चित्रे काढून घेतली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते. त्याने काढलेली दीडशेहून अधिक चित्रे पुढे एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनकडे गेली. तेथे ती शतकभर जवळजवळ विस्मृतीत राहिली. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा दापोडीच्या बागेत नेमके काय होते ते दीडशे वर्षांनी रंगांत पाहायला मिळाले. सह्याद्रीतील देशी झाडे आणि दूर देशांतून आणलेली झुडपे या चित्रांत शेजारी शेजारी आहेत.

गिब्सन यांच्या नावावरील दुसरे मोठे काम पुस्तकाचे. मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची पहिली मोठी यादी टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम यांनी केली होती. ती १८३९ मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी ग्रॅहॅम वारले. तिच्या पुढे जाऊन झाडांची वर्णने देणारा ग्रंथ निकोल डॅल्झेल आणि गिब्सन यांनी मिळून लिहिला. बाँबे फ्लोरा या नावाने तो १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशी वनस्पतींची वर्णने आहेतच, शिवाय बाहेरून आणलेल्या आणि येथे रुळलेल्या झाडांची स्वतंत्र पुरवणी जोडलेली आहे. कोणते झाड येथले आणि कोणते आणलेले, याचा एवढा काटेकोर हिशेब एकदा मांडला गेल्यामुळे पुढच्या अभ्यासकांचे काम सोपे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुक यांचा ग्रंथ येईपर्यंत मुंबई इलाख्यातील वनस्पती ओळखायच्या तर याच पुस्तकाचा आधार होता. चित्र एकही नसलेले, कोरडे वाटणारे हे पुस्तक हातात घेऊन किती जण घाट चढले असतील!

ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १८६० मध्ये, गिब्सन निवृत्त झाले. वनसंरक्षकाचे पद डॅल्झेल यांच्याकडे गेले. १८६७ मध्ये गिब्सन यांचे निधन झाले. तोपर्यंत दापोडीच्या बागेचे दिवसही सरले होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत नवे राजभवन बांधायला घेतले आणि दापोडीचा बंगला व आवार सरकारने विकून टाकले. ते राजभवन म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. बागेचा वारसा १८७३ च्या सुमारास गणेशखिंडीतच सुरू झालेल्या नव्या वनस्पती उद्यानाकडे आला आणि ते क्यू येथील बागेत तयार झालेल्या जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी नावारूपाला आणले.

गणेशखिंडीच्या या बागेचे पुढे फळ संशोधन केंद्र झाले. डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी नावाच्या जुन्या डाळिंबाच्या रोपांतून १९३६ मध्ये निवडलेले मऊ बियांचे डाळिंब येथलेच. त्याला पुढे गणेश हे नाव मिळाले. त्याचे बी लावून तसेच डाळिंब मिळण्याची खात्री नव्हती. म्हणून ते पसरले ते काड्यांनी आणि गुटी कलमांनी, एका बागेतून दुसऱ्या बागेत, सोलापूर-नगरच्या कोरडवाहू माळांपर्यंत. भगवा हा वाण येईपर्यंत महाराष्ट्रातील बहुतेक डाळिंबाच्या बागा या एका झाडाच्याच फांद्या होत्या. गणेशखिंडीच्या बागेला २०२० मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. दापोडीला असे काही मिळाले नाही.